पत्ता ठाण्याचा, म्हणून दार उघडं

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सुट्ट्या जवळ आल्या की आमच्या सोसायटीच्या जिन्यात एकच प्रश्न कानावर येतो : गोव्याला कुठे उतरायचं? दिवाळीनंतर आम्ही पणजीत चार रात्री राहून आलो हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे तो प्रश्न मलाही विचारला जातो. परवा तिसऱ्या मजल्यावरची सूनबाई मोबाइल उघडून, नाव टाइप करायच्या तयारीनेच दारात उभी राहिली. "काकू, ते कॅसिनोवालं हॉटेल अगदी मोक्याच्या जागी आहे म्हणे. आमची दोन लहान मुलं, सासूबाई. घेऊ का बुक करायला?" मी तिला अर्धंच उत्तर दिलं. उरलेलं दारात उभ्याउभ्या सांगण्यासारखं नव्हतं. ते इथे लिहिते आहे.

अर्धं उत्तर असं, की जागा खरोखर उत्तम. त्यात मी खोट काढणार नाही. ह्यांना पंचाहत्तरावं लागलंय, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. नातू नऊ वर्षांचा, नात सहाची. मुलगा, सून, माझे धाकटे दीर आणि मी. एवढं लटांबर घेऊन कुठल्या लांबच्या किनाऱ्यावर उतरलं की सकाळ-संध्याकाळ टॅक्सीवाल्याच्या तोंडाकडे बघत बसावं लागतं. इथे तसं काही नव्हतं. पहाटे ठाण्याला वंदे भारतमध्ये बसलो, जेवणाच्या वेळेला थिवीला उतरलो आणि तिथून गाडी करून पणजीत. हॉटेलच्या फाटकातून बाहेर पडलं की पाच मिनिटांत मांडवी. रोज सकाळी हे काठी टेकत नदीकाठच्या फुटपाथवरून चालत जायचे, मी बरोबर. जुन्या सचिवालयाच्या शेजारी आबे फारियाचा पुतळा आहे, समोरच्या बाईवर हात रोखून तिला संमोहित करतानाचा. नातवाला तो इतका आवडला की रोज एकदा तिथे जाऊन तशीच पोझ घ्यायची हा नेमच झाला. मुलांनी फेरीबोटीतून बेतीला तीन फेऱ्या मारल्या. पायी चढणाऱ्याला तिकीट पडत नाही, ही गोष्ट ठाण्याच्या मुलांना खरीच वाटत नव्हती. फोंतेन्हासच्या गल्ल्या, महालक्ष्मीचं देऊळ, चर्चच्या पांढऱ्या पायऱ्या, काम्पालची कला अकादमी, सगळं ह्यांच्या गुडघ्याला झेपेल अशा बेताने झालं. सुनेचं माहेर वेंगुर्ल्याचं. मासळी बाजारात ती माहेरी गेल्यासारखी वावरली.

खोल्या स्वच्छ. जेवण चांगलं. आणि भाडं त्या जागेच्या मानाने कमी. इतकं कमी का, हा प्रश्न मला बुक करतानाच पडायला हवा होता. ज्यांच्याकडून पॅकेज घेतलं त्या इथल्याच टूरवाल्यांनी "फॅमिलीसाठी बेस्ट लोकेशन" एवढंच सांगितलं. खाली कॅसिनो आहे म्हणाले, पण स्विमिंग पूल आहे, जिम आहे, त्याच दमात.

आता उरलेलं अर्धं.

लिफ्टमधून तळमजल्यावर उतरलं की डाव्या हाताला नाश्त्याचा हॉल आणि उजव्या हाताला काळ्या काचेचं दार. ते दार दर दोन मिनिटांनी उघडायचं आणि आतून यंत्रांचा किणकिणाट, लाल-पिवळे दिवे, थंडगार हवेचा झोत बाहेर यायचा. पहिल्या सकाळी नात माझं बोट ओढून म्हणाली, "आजी, आत कुणाचा वाढदिवस आहे?" चार दिवस, दिवसातून निदान सहा वेळा, आमची मुलं त्या दारासमोरून गेली. दुसरी वाटच नव्हती. एकवीस वर्षांखालच्यांना आत सोडत नाहीत हे खरं, आणि तो नियम तिथे कडक पाळत होते. पण सहा वर्षांच्या मुलीला ते दार म्हणजे वाढदिवस वाटतो, आणि एकविसाव्या वर्षी ते तिच्यासाठी उघडणार असतं.

खोलीची किल्ली म्हणजे ते प्लास्टिकचं कार्ड एका कागदी पाकिटात दिलं होतं. पाकिटात नाश्त्याची कुपनं, वायफायचा पासवर्ड आणि प्रत्येक खोलीमागे दोन माणसांसाठी कॅसिनोचा मोफत प्रवेश, वर खेळायला थोडी रक्कम फुकट. मागितलं नव्हतं. मी आमच्या पाकिटातलं कुपन काढून टेबलाच्या खणात टाकलं. भाऊजींच्या पाकिटात हात घालायचं मला सुचलं नाही.

भाऊजींबद्दल लिहायला मी त्यांची परवानगी घेतली आहे.

मी १९७९ साली लग्न होऊन या घरात आले. भाऊजी तेव्हा पंचविशीचे, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टर्नर. हाताला कौशल्य, स्वभाव लाघवी. त्या काळात आपल्याकडे मटक्याचं काय चालायचं हे आजच्या मुलांना सांगून कळणार नाही. कापसाच्या भावावरून सुरू झालेला आकड्यांचा तो धंदा वरळीहून निघून गिरणगावात, कल्याणला, आमच्या ठाण्यात घराघरात शिरला होता. पानवाला सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या कागदावर आकडा लिहून द्यायचा. एकदा भाऊजींचा डबा घासायला घेतला तर झाकणाच्या कडेत घडी केलेला असाच एक कागद निघाला. जांभळ्या पेन्सिलीने लिहिलेलं : तीन, ओपन. मी तो ओला कागद ओट्यावर वाळत ठेवला, कारण मला वाटलं ऑफिसचं काही असेल. सासूबाईंनी तो बघितला आणि काही न बोलता चुलीत टाकला. पुढे दोन-तीन वर्षांत सासूबाईंच्या दोन्ही पाटल्या गहाण गेल्या. १९८६ च्या महाशिवरात्रीला भाऊजींनी कौपिनेश्वराच्या पिंडीवर हात ठेवून शपथ घेतली. पाटल्या सोडवायला आणखी दोन वर्षं लागली. त्यानंतर त्या माणसाने लॉटरीचं तिकीटसुद्धा घेतलं नाही. एकोणचाळीस वर्षं.

माझी स्वतःची नोकरी पोस्टातली. पस्तीस वर्षं मी काउंटरवर बसले, त्यातली बरीचशी आरडीच्या. पाच वर्षांची आवर्त ठेव असते, ती तीन वर्षं भरल्यावर मोडता येते, पण मग व्याज बचत खात्याच्याच दराने. हे नियम मला पाठ आहेत ते पुस्तकातून नव्हे. तीन वर्षं पुरी झाली रे झाली की पासबुक पुढे सरकवणाऱ्या बायका मी मोजल्या नाहीत, इतक्या होत्या. "बाई, दोन वर्षं थांबा, व्याज बुडतंय तुमचं," असं मी म्हणायची. त्या खाली बघायच्या. पुढे मटका ओसरला, पण पासबुकं पुढे येतच राहिली. कारण विचारलं तर मोबाइलवरची रमी. नवऱ्याने आकडा लावला की बायकोची ठेव मोडते, एवढं अर्थशास्त्र मला त्या काउंटरने शिकवलं.

तर तिसऱ्या रात्री जेवून आम्ही अकराला वर आलो. भाऊजींना स्वतंत्र खोली होती. पहाटे साडेपाचला हे उठले, मी चहा करून भाऊजींना हाक मारायला गेले तर दार वाजवून उत्तर नाही. फोन बंद. खाली आले. रिसेप्शनवरच्या मुलाने काळ्या दाराकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, एक अंकल आत्ताच बाहेर नदीकडे गेले." त्या पाच मिनिटांच्या वाटेवर माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते लिहिणार नाही.

ते काठावरच्या बाकावर बसले होते. समोर पाण्यात कॅसिनोची जहाजं, त्यांचे दिवे अजून चालू. उजव्या मनगटावर कागदी पट्टा, हॉस्पिटलात बांधतात तसा, पण जांभळा चकचकीत. मला बघून म्हणाले, "वहिनी, मी नुसतं बघायला गेलो होतो." मग बराच वेळ तो पट्टा ओढत राहिले. तो तुटण्यासारखा नसतोच, फाडायला गेलं की कातडीत रुततो. शेवटी माझ्या पर्समधल्या नेलकटरने मी तो कापला. एकाहत्तर वर्षांच्या माणसाचं मनगट ते. त्यावर लाल वळ उठला होता.

बासष्ट हजार रुपये गेले होते. डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूसाठी बाजूला ठेवलेले.

कुणी म्हणेल, जबरदस्ती कुणी केली नव्हती. खरं आहे. भाऊजीही तेच म्हणतात. पण आत कसे गेले ते ऐका. दारावर त्यांचं आधार कार्ड मागितलं. वय बघायला नव्हे, पांढरे केस समोर दिसत होते. पत्ता बघायला. गोव्याच्या रहिवाशांना तिथल्या कॅसिनोत जायला २०२० च्या फेब्रुवारीपासून बंदी आहे. भाऊजींच्या कार्डावर पत्ता ठाण्याचा. "वेलकम सर," म्हणून दार उघडलं. गोव्याचा पत्ता असता तर त्यांच्या सरकारने त्यांना त्या रात्री दारातूनच परत पाठवलं असतं.

मी परत आल्यावर हा विषय जमेल तितका समजून घेतला. गोव्याचा जुगारविरोधी कायदा १९७६ चा. त्याला १९९२ मध्ये दुरुस्तीचं भगदाड पाडून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळांना वाट करून दिली, आणि १९९६ मध्ये जहाजांवर टेबलांच्या खेळांना. म्हणून जमिनीवर यंत्रं आणि पाण्यावर पत्ते अशी ती वाटणी आहे. कायद्यात जहाजं समुद्रातली, प्रत्यक्षात ती मांडवीच्या पात्रात, पणजीच्या ऐन दारात उभी. ती तिथून हलवा म्हणून गोव्यातल्या लोकांनी वर्षानुवर्षं आवाज उठवलाय, आश्वासनं मिळाली, मुदतवाढी मिळत गेल्या. आपल्या माणसांना याची झळ लागते हे त्या सरकारला पुरतं ठाऊक आहे, म्हणूनच त्यांनी आपल्या माणसांपुरतं दार लावून घेतलं. त्यात मला गोव्याचा राग नाही. प्रत्येक घर आधी आपली मुलं आत घेतं. माझा प्रश्न आहे तो आपल्या घराला.

आपल्या महाराष्ट्राची गंमत नाही, गंभीर बाब आहे ती अशी. मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा. त्याच्या जोडीला १९७६ साली विधिमंडळाने कॅसिनो नियंत्रण आणि कर कायदाही केला होता. तो केला आणि कधी अमलातच आणला नाही. जवळजवळ पन्नास वर्षं तो तसाच पडून होता, आणि दर काही वर्षांनी कुणीतरी पर्यटनाच्या नावाने तो बाहेर काढायची मागणी करायचं. २०२३ मध्ये तो रद्द करण्याचा निर्णय झाला. मी त्या निर्णयाचं मनापासून स्वागत करते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, त्याचंही. माझ्या काउंटरवरच्या बायका तेव्हा डोळ्यांसमोर आल्या. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला, म्हणजे हा धंदा कोणत्या पंगतीतला आहे हे सरकारनेच पान वाढून दाखवलं. पण आपल्या हद्दीत कॅसिनो नाही म्हणून आपलं काम संपत नाही. पहाटे ठाण्याहून गाडी सुटते आणि दुपारच्या जेवणाला माणूस त्या दाराशी असतो. अंतर राहिलंय कुठे?

"थोडं खेळलं तर काय बिघडतं" असं म्हणणाऱ्यांसाठी एक हिशेब मांडते. आकडेमोड ही माझी पस्तीस वर्षांची रोजी आहे, त्यामुळे माफ करा, थोडी सविस्तर होईल. मटक्यात शून्य ते नऊ असे दहा आकडे. एकेरी आकडा लागला तर रुपयाला नऊ. दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावला तर दहा जातात, नऊ येतात. दहातला एक खाणाऱ्याचा, म्हणजे धंदा चालवणाऱ्याचा. रुलेटच्या चाकावर एक ते छत्तीस आणि एक शून्य, असे सदतीस खण. प्रत्येकावर शंभर लावले तर ३,७०० जातात, आणि लागलेल्या खणाचे पस्तीसपट अधिक लावलेले शंभर, म्हणजे ३,६०० परत. सदतीसातला एक खाणाऱ्याचा, शेकडा पावणेतीनच्या आत. वरवर बघता मटक्यापेक्षा हे चाक दयाळू. भाऊजींनाही त्या रात्री आत कुणीतरी हेच समजावलं.

पण मटका दिवसात दोनदाच, एक ओपन आणि एक क्लोज. मधल्या वेळात माणूस कामावर जायचा, जेवायचा, बायकोची बोलणी खायचा, कधीकधी शुद्धीवर यायचा. यंत्रावरचं हे चाक मिनिटाभरात पुन्हा फिरतं. दर फेरीला पाचशे लावले तर तासाला तीस हजारांची उलाढाल आणि त्यातून सरासरी आठशेच्या आसपास घरी न येणारे. हे शांत डोक्याने, रक्कम न वाढवता खेळणाऱ्याचं. हरलेला माणूस रक्कम वाढवतोच, "एक फेरी बसली की सगळं वसूल" म्हणत. अकरा ते पाच, सहा तास. मध्ये फुकट सँडविच, फुकट पेय. आत घड्याळ दिसलं नाही, भाऊजी म्हणाले. त्यांच्या हातातलं घड्याळ त्यांनी आंघोळीच्या वेळी काढून खोलीत ठेवलं होतं, आणि त्यांना वाटत होतं एक-दीड वाजला असेल.

हे नुसतं स्वभावाचं दुबळेपण नाही, हेही लिहिलं पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात जुगाराच्या विकाराची नोंद दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांच्याच प्रकरणात आहे. दारू सोडलेल्या माणसाला ज्या हॉटेलात खोलीच्या किल्लीबरोबर बाटली देतात तिथे आपण त्याला नेणार नाही. आम्ही भाऊजींना तिथे नेलं. जवळ पडतं म्हणून नेलं.

माझी भाची सिंगापूरला असते. तिथे २०१० साली दोन प्रचंड कॅसिनो रिसॉर्टं उघडली. त्यातल्या मरीना बे सँड्सचे तीन मनोरे आणि सत्तावन्नाव्या मजल्यावरचा तलाव आपल्या टूरवाल्यांच्या प्रत्येक जाहिरातीत असतो. तेही ऐन मोक्यावर, खाली मेट्रोचं स्टेशन. भाची म्हणाली, मावशी, इथल्या नागरिकाला आणि कायम रहिवाशाला आत जायचं तर एका दिवसाचे दीडशे डॉलर सरकारला भरावे लागतात. २०१९ पर्यंत शंभर होते, ते वाढवले. परदेशी माणूस पासपोर्ट दाखवून फुकट आत. म्हणजे तिथेही आपल्यांना उंबरठा, बाहेरच्यांना पायघड्या. पण तिने जी दुसरी गोष्ट सांगितली ती ऐकून मी फोन हातात धरून बसून राहिले. तिथे घरच्या माणसाला अर्ज करता येतो. बायकोला, आईला, मुलाला, भावाला. जुगारातून सोडवण्यासाठी नेमलेली एक राष्ट्रीय समिती आहे, ती चौकशी करते, दोन्ही बाजू ऐकते आणि पटलं तर त्या माणसाला कॅसिनोत मज्जाव करते. माणसाला स्वतःहूनही आपलं नाव त्या यादीत घालता येतं. दारावर कार्ड दाखवलं की यादीत नाव निघतं आणि माणूस घरी जातो.

सासूबाईंच्या हातात १९८४ साली असा एक अर्ज असता तर!

लोक म्हणतील, सिंगापूर छोटं, श्रीमंत, तिथे जमतं. मग पणजीच्या त्या दाराचं काय? ज्या दारावर आधार कार्ड तपासून गोव्याचा पत्ता वेगळा काढता येतो, त्याच दारावर एक यादीही तपासता येते. यंत्रणा उभी आहे, माणूस उभा आहे, कार्ड त्याच्या हातात आहे. फक्त यादी नाही. ती व्हावी, तीत महाराष्ट्रातल्या कुटुंबांना नाव नोंदवता यावं, यासाठी आपल्या सरकारने गोवा सरकारशी बोलावं, ही माझी मागणी आहे. ठाणे जिल्ह्यातल्या आमदारांनी हा प्रश्न सभागृहात विचारावा. गोव्याला जाणाऱ्या गाड्या आमच्याच फलाटावरून भरून जातात.

टूरवाल्यांनाही एक विनंती आहे, आणि ती मी आमच्या टूरवाल्यांच्या ऑफिसात जाऊन तोंडावर केली आहे. हॉटेलात कॅसिनो असेल तर ते पूल आणि जिमच्या यादीत घालू नका. वेगळं सांगा, आधी सांगा. तो लिफ्टच्या वाटेवर आहे का, मुलांना त्याच्यासमोरून जावं लागतं का, किल्लीबरोबर कुपनं देतात का, ती नको म्हणता येतात का. समोरचे गृहस्थ सभ्य होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, लोक कॅसिनोसाठीच मागतात हो." मागत असतील. मी मागितलं नव्हतं, मला नदी हवी होती.

आणि आपल्याला, संपादक महोदय. पर्यटन पुरवणीत हॉटेलची माहिती देताना समुद्र किती मीटरवर हे छापता, तसं हेही छापा. वाचक तुमच्या शब्दावर पैसे भरतात.

तिसऱ्या मजल्यावरच्या सूनबाईला मी काल संध्याकाळी घरी बोलावून सगळं सांगितलं. पणजीत, नदीपासून तितक्याच अंतरावर, साधी स्वच्छ हॉटेलं आहेत. खोल्या लहान, तलाव नाही, पण खाली उतरलं की थेट रस्ता. तिने तसलंच एक घेतलंय. ज्यांच्या घरात आमच्यासारखी जुनी जखम आहे त्यांच्यासाठी आणखी एक सांगते : १४४१६ हा सरकारचा टेली मानस क्रमांक, मनाच्या दुखण्यासाठी फोनवर मदत करणारा. फुकट आहे, रात्रीही लागतो. गोव्याहून आल्यावर आठवड्याने भाऊजींनी स्वतः तो लावला. मी स्वयंपाकघरात होते, ते गॅलरीत बसून चाळीस मिनिटं बोलले, मराठीतच. त्यानंतर आणखी चारदा. डोळ्याचं ऑपरेशन मुलाने पुढच्या महिन्यात ठरवलंय.

हे पत्र पाठवण्याआधी मी त्यांना वाचून दाखवलं. डबा आणि तो कागद आला तिथे त्यांनी हात वर केला, मला वाटलं तेवढं काढायला सांगतील. पण म्हणाले, असू दे. शेवटपर्यंत ऐकून त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली. "वहिनी, बासष्ट नाही. लॉबीतल्या एटीएममधून शेवटी अडीच हजार काढले होते, ते तेव्हा सांगितलं नव्हतं. साडेचौसष्ट लिही."

साडेचौसष्ट हजार.

आपली,
एक निवृत्त टपाल कर्मचारी,
नौपाडा, ठाणे (प.)

(नाव व पत्ता आपल्या माहितीसाठी स्वतंत्र कागदावर दिला आहे. घरची गोष्ट असल्याने कृपया छापू नये.)